सातचा भोंगा

मुलांना वाईट संगतीपासून जपावं, याबद्दल जगात कधीच दुमत नव्हतं. दुमत होतं ते फक्त वाईट संगत म्हणजे कोण, एवढ्याबद्दल. प्रत्येक आईचं ठाम मत असे की, आपला मुलगा गुणाचा आहे, शेजारच्या मुलामुळं बिघडतो. आणि शेजारच्या आईचंही नेमकं हेच मत असे. अशा रीतीनं दोन्ही मुलं एकमेकांना बिघडवत यथावकाश मोठी होत, बँकेत नाहीतर शाळेत चिकटत आणि पुढं आपापल्या मुलांना वाईट संगतीपासून जपू लागत.

पण त्या काळच्या वाईट संगतीचा एक मोठा गुण होता. ती दिसायची. तिला चेहरा असे, नाव असे, बापाचं नाव असे आणि उभं राहायची जागा ठरलेली असे. आमचं सातारा तर या दृष्टीनं फारच सोयीचं गाव. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं जायला वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. पोरगा वरच्या रस्त्यानं गेला तर मामा बघायचे, खालच्या रस्त्यानं गेला तर मामांचे मित्र. मोती चौकात तो कुणाबरोबर उभा होता, ही बातमी तो घरी पोचायच्या आत घरी पोचलेली असे. "काय रे, कोण होता तो लांब केसांचा?" हा प्रश्न चपला काढायच्या आधी कानावर पडे. या व्यवस्थेला पगार नव्हता, रजा नव्हती आणि तिच्या तावडीतून सुटकाही नव्हती. आज चौकाचौकात कॅमेरे बसवलेत म्हणून लोक कौतुक करतात. पण कॅमेरा फक्त बघतो. आमच्या वेळचे मामा बघत, बघितल्याचं सांगत आणि सांगताना पदरचं थोडं घालतही.

मग टीव्ही आला. मुंबईला तो २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाला. आमच्याकडं पोचायला त्याला पुढं बरीच वर्षं लागली, कारण त्याला घाट चढायचा होता. पण आला तो कसा खानदानी आला! काही संचांना चक्क लाकडी दारं असत, दारांना कुलूप असे आणि कुलपाची किल्ली आजीच्या कमरेला. परीक्षा जवळ आली की कुलूप. घरात कुणी गेलं की कुलूप. ग्रहण असलं तरी कुलूप. मुलांना जपायचं इतकं सरळ यंत्र त्यानंतर कुणी काढलं असेल, असं मला वाटत नाही.

आता किल्लीच उरली नाही. नव्या वाईट संगतीला चेहरा नाही, बापाचं नाव नाही, आणि ती मोती चौकात उभी राहत नाही. ती चपला न काढता सरळ घरात येते, मुलाच्या अंथरुणात शिरते आणि पांघरुणाखालून निळा उजेड पाडते. आई शेजारच्याच खोलीत असते. "पोरगं घरात आहे, म्हणजे सुखरूप आहे," या आपल्या हजार वर्षांच्या समजुतीचं तिथं दिवाळं निघतं.

तुम्ही म्हणाल, मग मोबाईल द्यायचाच कशाला? हा प्रश्न मार्च २०२० पर्यंत फार समर्पक होता. त्याआधी शाळेत मोबाईल सापडला तर बाई तो काढून घ्यायच्या आणि पालकांना बोलावून चार पाहुण्यांसमोर लाजवायच्या. मग कोरोना आला, शाळा बंद झाल्या आणि त्याच बाई त्याच मोबाईलच्या आत जाऊन बसल्या. गणित मोबाईलमध्ये, गृहपाठ मोबाईलमध्ये, हजेरीसुद्धा मोबाईलमध्ये. ज्या घरात एकच फोन होता तिथं बापानं तो मुलाला दिला. ज्या घरात नव्हता तिथं बापानं कर्ज काढून आणला. दीड-दोन वर्षांनी शाळा उघडल्या, बाई मोबाईलमधून बाहेर आल्या, पण मुलं आतच राहिली.

तेव्हापासून आमच्या आळीत पालकांचे तीन पंथ पडले आहेत.

पहिला पोलीस पंथ. मूल झोपलं की बाप उठतो, उशीखालून फोन काढतो आणि मुलाचंच बोट हळूच त्याला लावून उघडतो. पुरलेलं सोनं काढणाऱ्याची असते तशी त्या वेळी त्याची मुद्रा असते. आत काय सापडतं? तर मित्रानं पाठवलेले माकडाचे बावीस फोटो. पण बापाला वाटतं, ही सांकेतिक भाषा असावी.

दुसरा कुलूप पंथ. आमच्या वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब या पंथाचे. त्यांना कुणीतरी सांगितलं की, मुलांच्या फोनला लांबून कुलूप घालायची सोय असते. अशी सोय आहे, हे खरं. फॅमिली लिंकसारख्या ॲपमधून मुलानं किती वेळ फोन वापरायचा हे ठरवता येतं आणि नवं काही घ्यायचं झालं तर आईबापांची परवानगी घेता येते. चांगली सोय आहे, लहान मुलांच्या बाबतीत तर वापरावीच. वकीलसाहेबांनी ती वापरायचं ठरवलं. अडचण एवढीच की त्यांना ती बसवता येईना. तेव्हा त्यांनी मुलाला हाक मारली, "अरे, इकडं ये, हे जरा बसवून दे." मुलानं अत्यंत आज्ञाधारकपणे वडिलांच्या फोनमध्ये आपल्यावरचा पहारा बसवून दिला, परवलीचा शब्दही ठरवून दिला आणि "विसराल म्हणून" तो स्वतः लक्षात ठेवला. कैद्यानं जेलरला कुलूप कसं लावायचं हे शिकवल्याचं उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातही सापडणार नाही.

तिसरा श्रद्धा पंथ. "आमचा तसा नाही हो!" हा या पंथाचा मंत्र. हा म्हटला की पुढं काहीच करावं लागत नाही, म्हणून हा पंथ सर्वांत मोठा आहे.

या तिघांच्या जोडीला सरकारही आहे. इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी खातं काढायला तेरा वर्षं पूर्ण लागतात. हा तेराचा आकडा मूळ अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातून आलेला आहे. पण तेरा पूर्ण झाली का, हे बहुतेक वेळा ज्याचं त्यालाच विचारत आले. एरवी गणितात काठावर पास होणारी मुलं ही वजाबाकी कधी चुकत नाहीत. आमच्या इमारतीतली पाचवीतली एक मुलगी तिथल्या नोंदीप्रमाणं बत्तीस वर्षांची आहे. तिचं लग्न अजून कसं झालं नाही याची मला काळजी वाटते. आपल्याकडं २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरापर्यंत मूल मानलं आहे आणि मुलाची माहिती वापरण्यापूर्वी आईबापांची पडताळलेली संमती घ्यावी, असं म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या अटीच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. ऑस्ट्रेलियानं तर त्याच वर्षी १० डिसेंबरपासून सोळा वर्षांखालच्या मुलांना अशा मोठमोठ्या ठिकाणी खातं ठेवायलाच बंदी केली, आणि ती पाळण्याची जबाबदारी मुलांवर किंवा आईबापांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. हे मला आवडलं. विहिरीला कठडा बांधायचं काम विहीर खणणाऱ्याचंच असायला हवं. पण कठडा होईपर्यंत पोरं थांबून राहत नाहीत. ती विहिरीवरच खेळत असतात.

अशा या गोंधळात आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं जे केलं, ते मला सगळ्या कायद्यांहून शहाणपणाचं वाटतं. गावाचं नाव मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. वस्ती तीन हजारांच्या आसपास. लोक शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारे, म्हणजे तत्त्वज्ञानाला वेळ नसलेले. कोरोनानंतर मुलं शाळेत परत आली ती आळसावलेली. वाचायला नको, लिहायला नको, हातातून फोन सुटत नाही, हे मास्तरांच्या लक्षात आलं. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ ला गावाची सभा झाली. सरपंच विजय मोहिते यांनी बायकांना एकत्र केलं. मालिकांपुढून आपलाही पाय निघत नाही, हे बायकांनी मोकळेपणानं मान्य केलं, आणि ठराव झाला की, रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की गावातले सगळे टीव्ही आणि सगळे मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल, तोपर्यंत अभ्यास, वाचन, लिखाण नाहीतर माणसांशी बोलणं. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता, त्या दिवसापासून अंमल सुरू.

सुरुवातीला हे सहज झालं असं मुळीच नाही. भोंगा वाजला की ग्रामपंचायतीची माणसं आणि गावकरी दारोदार फिरून सांगत, "बंद करा, बाबांनो!" पण हळूहळू अंगवळणी पडलं. मला याचं नवल वाटलं नाही. हा सगळा मुलूखच तसा आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून याच सातारा-सांगलीच्या पट्ट्यात चाललं. कुंडल तर तिथून हाकेच्या अंतरावर. ज्यांच्या आजोबांनी इंग्रजांचं सरकार बाजूला ठेवून आपलं सरकार चालवलं, त्यांनी मालिकेतल्या सासूला रोज दीड तास रजेवर पाठवावं, यात विशेष ते काय?

पण या भोंग्यात खरं विशेष आहे ते निराळंच. तो सगळ्यांसाठी वाजतो. 'मुलांनो, फोन ठेवा' असं तो म्हणत नाही. तो आजोबांच्या बातम्या बंद करतो, आईची मालिका बंद करतो, बापाच्या हातातलं गुऱ्हाळ बंद करतो. आजवर मुलांच्या भल्याचे जे नियम निघाले ते बहुतेक मुलांनीच पाळायचे असत. हा पहिलाच नियम, जो करणाराही पाळतो. "मी मोठा आहे, माझं काम असतं," ही सबब भोंगा ऐकून घेत नाही, कारण त्याला कान नसतात, नुसतं तोंड असतं.

आमच्याकडं बघा. आमच्या एका नातेवाइकांचा मुलांना दंडक आहे : जेवताना फोन नाही. हा दंडक ते जेवताना फोनवरून डोळे न काढता सांगतात. अनोळखी माणसाला स्वतःची माहिती द्यायची नाही, असंही ते मुलीला बजावतात. आणि तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिचा गणवेशातला, गळ्यात ओळखपत्र घातलेला, मागं शाळेच्या पाटीसह फोटो 'आमची परी निघाली' म्हणून सर्व जगाला पाठवतात. परीचं नाव, इयत्ता, तुकडी, शाळा, वाढदिवस आणि कुठल्या गाडीनं जाते, एवढं सगळं जगाला माहीत आहे. आता तिनं गुप्त ठेवावं असं उरलं आहे काय? फार तर सहामाहीचे गुण.

मात्र भोंग्याची थोरवी सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. दिवसात दीड तास गेला, उरले साडेबावीस. भोंगा किती वेळ हे सांगतो. आत कोण आलं हे त्याला कळत नाही. आणि खरी भीती वेळेची नाही, माणसाची आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरात दोन वर्षांपूर्वी जे घडलं ते सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण घर चांगलं आहे आणि मुलगी त्याहून चांगली आहे. नववीत होती. घरचा नियम कडक. वडील स्वभावानं प्रेमळ, पण प्रेम दरडावून करायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "त्या फोनवर काही भलतंसलतं आढळलं, तर फोन फोडीन आणि शाळा बंद करीन." मुलीनं कुठलंसं खातं काढलं. तिथं एक मैत्रीण भेटली. तिच्याच वयाची, तिच्यासारखीच चित्रं काढणारी. महिनाभर दोघी चित्रांबद्दल बोलल्या. मग मैत्रिणीनं फोटो मागितला. हिनं पाठवला, साधा, दिवाळीच्या परकर-पोलक्यातला. दोन दिवसांनी तोच चेहरा दुसऱ्याच कुठल्या उघड्या देहावर चिकटून परत आला. आता ही कारागिरी करायला कारागीर लागत नाही, यंत्रच करून देतं. सोबत निरोप : 'मी सांगतो तसले फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या वडिलांना पाठवतो.' मैत्रीण ही मैत्रीण नव्हतीच.

अकरा दिवस ती मुलगी घरात हिंडत होती, शाळेत जात होती, भाकरी चिवडत होती आणि कुणाला काही सांगत नव्हती. का? हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारून बघा. त्या हरामखोरानं तिला ठार मारण्याची धमकी दिली नव्हती. फक्त 'तुझ्या वडिलांना सांगतो' एवढंच म्हटलं होतं. पुढची धमकी वडिलांनी आधीच देऊन ठेवली होती. चोरानं येताना हत्यार आणलंच नव्हतं. ते घरातच, खुंटीला तयार होतं.

बाराव्या दिवशी ती आजीजवळ बोलली. आजी माण तालुक्यातली. आयुष्यात दुष्काळ इतके बघितलेले की बाकी कशाची भीती उरली नव्हती. इन्स्टाग्राम म्हणजे गव्हाचा प्रकार की औषधाचा, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. पोरीनं हुंदके देत सगळं सांगितलं. आजींना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण जे कळायला हवं होतं ते पुरतं कळलं. त्या म्हणाल्या, "रडायचं मागनं. आधी दोन घास खा. तू काय केलंस ते मला नगं सांगू. त्यो मुडदा कोण हाय, ते सांग."

मला विचाराल, तर बालसंरक्षणावरचा आजवर मी ऐकलेला सर्वांत मोठा ग्रंथ या चार वाक्यांत आहे.

संध्याकाळी वडिलांना कळलं. त्यांनी ठरल्याप्रमाणं फोन उचलला आणि भिंतीवर आपटायला हात वर केला. आजींनी तो हात धरला. "अरं, चोराचं पाऊल उमटलंय त्याच्यात, पुसतोस काय!" शेरलॉक होम्सनं टोपी काढून नमस्कार करावा असं हे वाक्य. तो फोन फुटला असता तर पुरावाही फुटला असता. मग मंडळी जरा शुद्धीवर आली. निरोप पुसले नाहीत, त्यांची चित्रं काढून ठेवली. त्या माणसाला ना पैसे पाठवले, ना आणखी फोटो, ना शिव्या. त्या खात्याची तक्रार त्या कंपनीकडं केली. केंद्र सरकारचं सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचं संकेतस्थळ आहे, तिथं नोंद केली आणि फोन घेऊन पोलिसांच्या सायबर शाखेत गेले. अशा वेळी मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे, आणि पैशांची फसवणूक असेल तर १९३०, हे या निमित्तानं साऱ्या आळीला पाठ झालं. 'टेक इट डाउन' नावाची एक परदेशी मोफत सोय आहे, असंही कळलं. अठरा वर्षांखालच्या मुलांची तसली चित्रं पसरू नयेत म्हणून ती आहे, आणि चित्र कुणाला न दाखवता त्याच्या नुसत्या आकड्यांच्या खुणेवरून ती काम करते. पोलीस ठाण्यात वडील मान खाली घालून बसले होते. तिथल्या बाई मुलीशी बोलल्या, वडिलांशी नंतर. कायदाही, म्हणजे २०१२ चा पॉक्सो, हेच सांगतो की अशा प्रकरणात मूल गुन्हेगार नसतं, आणि त्याचं नाव कुठंही छापायचं नसतं. धमक्या थांबल्या. तो माणूस कोण, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरगी मात्र पूर्ववत चित्रं काढते.

हा प्रसंग आमच्या इमारतीच्या गच्चीवर कितीतरी संध्याकाळी चघळला गेला. वकीलसाहेबांनी बाजू मांडली, आणि ती टाकाऊ नव्हती. ते म्हणाले, "हे आजींचं सगळं ठीक. पण मुळात बापानं रोज फोन तपासला असता, तर अकरा दिवस कशाला लागले असते? आधी मूल सुरक्षित राहू दे, विश्वासाचं मागाहून बघू. बुडणाऱ्याच्या अब्रूचा विचार करत कुणी काठावर उभं राहत नाही."

मी बराच विचार केला. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, राखण आणि जपणूक. राखण शेताची करतात. माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, कमी पडलं तर बुजगावणं उभं करायचं. कणसाला राखणदार आवडतो की नाही, हा प्रश्न येत नाही. कणीस कधी माळ्यावर येऊन सांगणार नाही की, काल रात्री माझ्याकडं एक कोल्हा आला होता. मूल मात्र सांगू शकतं. मुलाच्या बाबतीत सगळ्यात मोठा पहारेकरी मूल स्वतःच असतं. आपण त्याच्या नकळत पहारा ठेवला, की आपल्याला बातमी देणारा तो एकमेव खात्रीचा माणूस आपणच बडतर्फ करतो. शिवाय चोरून बघणाऱ्या बापाकडून मूल पहिल्यांदा शिकतं ते चोरून वागणं. तेव्हा वकीलसाहेब, विश्वास ही सुरक्षिततेनंतर खायची बडीशेप नव्हे. सुरक्षितता ज्या वाटेनं घरात येते, ती वाटच ती आहे.

याचा अर्थ बघायचंच नाही, असा नव्हे. श्रद्धा पंथात जायला मी तयार नाही. पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना आपण काय करतो? सहा वर्षांच्या नातवाचं मनगट घट्ट धरतो. त्याला राग आला तरी सोडत नाही. दहाव्या वर्षी नुसतं बोट देतो. चौदाव्या वर्षी शेजारून चालतो आणि "डावीकडं बघ" एवढंच म्हणतो. अठराव्या वर्षी गॅलरीतून बघतो, आणि तो वळून बघेल म्हणून कुंडीला पाणी घालत असल्याचं दाखवतो. पण कुठल्याही वयात आपण झाडाआड लपून त्याच्या मागं जात नाही. जे धरायचं ते उघड धरायचं. 'तू दहा वर्षांचा आहेस, म्हणून तुझा फोन रात्री बैठकीत राहील आणि रविवारी आपण दोघं मिळून तो बघू,' असं तोंडावर सांगितलेल्या पहाऱ्यात अपमान नसतो. मूल भांडेल, रुसेल, चार दिवस आपल्याला हिटलर म्हणेल. म्हणू दे. हिटलरची माहिती झाली म्हणजे इतिहासाचा अभ्यास चालू आहे.

आणि मुलाशी करार करायचा तर दोन्ही बाजूंनी सह्या हव्यात. त्यानं कबूल करायचं की, काही विचित्र घडलं तर सांगेन. आपण कबूल करायचं की, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. यातलं दुसरं कलम फार अवघड आहे. कारण मूल सांगायला येतं ते नेमकं चुकीच्या वेळी. पाहुणे आलेले असतात, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिलेली असते, आणि ते जे सांगतं त्याचं पहिलं वाक्य ऐकूनच हात शिवशिवतो. त्या एका क्षणात आपण काय बोलतो, यावर पुढची दहा वर्षं ते आपल्याला काही सांगणार की नाही हे ठरतं. बाकीचं सगळं, ती कुलपं, ते कायदे, ते क्रमांक, हे त्या क्षणानंतर उपयोगी पडणारं सामान आहे. ते घरात असावंच. पण आग लागल्याचं कुणी सांगितलंच नाही, तर बंबाचा क्रमांक पाठ असून काय करायचं?

माणच्या आजींना हे कुणी शिकवलं, मी विचार करतो. बहुधा कुणीच नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की, ओढ्यावरून पोर भिजून, ठेचकाळून, रडत घरी आली, तर आधी तिला कोरडं करायचं असतं. ओढ्यावर का गेली होतीस, हे तिखटमीठ लावून विचारायला सबंध उन्हाळा पडलेला असतो.

म्हणून मला वाटतं, वडगावच्या भोंग्याचं खरं दान दीड तासाची शांतता हे नव्हेच. त्या दीड तासात घरातली माणसं एकमेकांसमोर रिकामी बसलेली असतात, हे दान मोठं. पोराच्या मनात काही सलत असेल तर ते सहज बाहेर यायला अशीच वेळ लागते. समोरच्याच्या हातात काही नाही, कानात काही नाही, आणि त्याला कुठं जायचंही नाही. गावात भोंगा नसला तरी घरात तो वाजवता येतो. फक्त वाजवणाऱ्यानं आपला फोन आधी खाली ठेवायचा. पहिले चार-आठ दिवस घरात काय बोलावं, हे कुणालाच सुचत नाही. मग भाजीवरून सुरुवात होते, भाजीवरून शाळेवर, शाळेवरून मित्रांवर. आणि एखाद्या दिवशी, आठ वाजून पंचवीस मिनिटांनी, पोरगं जरा घुटमळून म्हणतं, "एक सांगू? पण रागवायचं नाही हां."

त्या वेळी कितीही महत्त्वाच्या बातम्या असोत, साडेआठचा भोंगा ऐकूच आला नाही, असं समजावं.